न जळलेल्या युनिटची दक्षिणा

जमिनीवर घडा नाही, एवढ्याशा वाक्यावर आपल्याकडच्या दार्शनिकांनी काही शतके वाद घातला आहे. घडा दिसत नाही हे सर्वांना मान्य. मग दिसते ते काय? प्राभाकर मीमांसक म्हणत, नुसती जमीन दिसते. अभाव नावाचा वेगळा पदार्थ मानायचे कारण नाही. कुमारिल भट्टांच्या मते अभाव खरा आहे, आणि तो कळण्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानावे लागते. नैयायिकांनी अभाव मानला, पण त्याच्यासाठी नवे प्रमाण मानायचे नाकारले. कणादांच्या सहा पदार्थांच्या मागोमाग पुढे तो सातवा म्हणून रीतसर बसवला गेला. शिकणाऱ्याला आजही हा सगळा खटाटोप शब्दच्छल वाटतो. पण अभावाची खरेदी-विक्री सुरू झाली की तोच वाद व्यवहाराचा होतो, आणि ती आता सुरू झाली आहे. वाचलेले विजेचे युनिट म्हणजे न जळलेले युनिट. ते कोणत्याही तारेतून वाहत नाही आणि कोणत्याही मीटरवर दिसत नाही. तरी त्याची किंमत ठरते, त्यावर करार होतात आणि त्याच्या नफ्याची वाटणी होते. या अभावासाठी ज्याने घाम गाळला त्याचे देणे कशावरून ठरवायचे, हा मला अर्थशास्त्राच्याही आधी धर्मशास्त्राचा प्रश्न वाटतो.

आधी व्यवहार पाहू. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखालचे केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ मधले. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी ‘महाऊर्जा’कडे आहे. २०१२ ते २०१५ या काळात ‘पॅट’ (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) योजनेच्या पहिल्या फेरीत सिमेंट, पोलाद, कागद, कापड, औष्णिक वीज अशा आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना बचतीचे लक्ष्य नेमून दिले गेले. लक्ष्य होते सुमारे ६.६९ दशलक्ष टन तेलाइतक्या ऊर्जेचे. प्रत्यक्ष बचत ८.६७ दशलक्ष टनांची नोंदली गेली. ज्यांनी लक्ष्यापेक्षा जास्त वाचवले त्यांना प्रमाणपत्रे मिळाली, ज्यांना जमले नाही त्यांनी ती प्रमाणपत्रे वीज-बाजारात विकत घेतली, आणि या पहिल्या खरेदी-विक्रीची उलाढाल सुमारे १०० कोटी रुपयांची झाली. हे सारे उभे आहे न्यायशास्त्रातल्या एका कल्पनेवर. कोणताही अभाव मोघम नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव असतो त्याला नैयायिक प्रतियोगी म्हणतात. घड्याच्या अभावाचा प्रतियोगी घडा. वाचलेल्या युनिटचा प्रतियोगी म्हणजे ‘हे काम केले नसते तर जळले असते ते युनिट’. ऊर्जा लेखापरीक्षक त्याला बेसलाइन म्हणतो. ती पाहिलेली नसते, मानलेली असते: मागच्या वर्षांचा वापर, यंदाचे उत्पादन, हवामान, पाळ्या यांवरून बसवलेली. प्रतियोगी फुगवला की अभावही फुगतो.

अकोल्याचे उदाहरण या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. तिथल्या महापालिकेने २००७ मध्ये शहरातले साडेअकरा हजारांवर पथदिवे बदलण्याचे काम एका कंपनीला दिले. पैसा सगळा कंपनीने घालायचा आणि सहा वर्षे, वाचलेल्या बिलाच्या ९५ टक्के रकमेतून तो वसूल करायचा. उरलेले पाच टक्के पालिकेचे. निम्म्याहून अधिक वीज वाचली आणि कंपनीची गुंतवणूक वर्षभराच्या आत भरून निघाली. करार म्हणून तो चोख होता. पालिकेने तिजोरीतून दमडी न काढता शहराचे दिवे बदलून घेतले. पण अशा कराराची घडण पाहिली की एक गोष्ट जाणवते. अभावाची वाटणी करायला दोनच पक्ष बसतात, बिल भरणारा आणि भांडवल घालणारा. शिडीच्या गाडीवर उभा राहून खांबामागून खांब जुनी फिटिंग उतरवणारा आणि नवी चढवणारा माणूस त्या वाटणीत नसतो. तो कंत्राटदाराच्या खर्चाच्या बाजूला असतो, आणि खर्च ही वजा करायची रक्कम.

कायद्याच्या भाषेतही हेच दिसते. २००१ च्या कायद्यात ऊर्जा व्यवस्थापकाची आणि अधिकृत ऊर्जा लेखापरीक्षकाची व्याख्या आहे. त्यांची पात्रता ठरलेली आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय परीक्षा आहे. म्हणजे अभाव मोजणाऱ्याला नाव आहे. अभाव घडवणाऱ्याला नाही. स्टीमच्या पाइपावर ग्लासवूल गुंडाळून वरून पत्रा मारणारा लॅगिंगचा कारागीर (ग्लासवूलची कुसळे दिवसभर अंगाला टोचत असतात), गळका स्टीम ट्रॅप बदलणारा फिटर, कॉम्प्रेसरच्या हवेची गळती कानाने शोधणारा मदतनीस, आयटीआय करून परवाना काढलेला वायरमन: यांतले कुणी त्या व्याख्यांच्या कलमात सापडत नाही. आकडेवारीतही तीच गत. आपल्याकडे रोजगाराची गणना ज्या २००८ च्या उद्योग-वर्गीकरणावर चालते त्यात वीजनिर्मिती आणि वितरणाला खाना आहे, वीज-बचतीला वेगळा खाना नाही. लॅगिंगवाला बांधकामात जातो, लेखापरीक्षक अभियांत्रिकी सल्ल्यात, बाकीचे दुरुस्तीत. अमेरिकेत ऊर्जा खाते दरवर्षी मालकांना विचारून राज्यवार मोजणी करते. तिथे ऊर्जा कार्यक्षमतेच्या क्षेत्रात बावीस लाखांहून अधिक माणसे निघतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक बांधकामातली असतात. म्हणजे हे काम मोजता येते आणि ते मुख्यतः अंगमेहनतीचे आहे, हे दोन्ही तिथल्या मोजणीने सिद्ध केले. मीमांसकांनी अनुपलब्धीला एक अट घातली होती: वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. महाराष्ट्राच्या रोजगार-तक्त्यात बचतीचा कामगार दिसत नाही ही अंधाऱ्या खोलीतली अनुपलब्धी आहे. वाचलेल्या युनिटांसाठी आपण दिवे लावले, हातांसाठी लावले नाहीत.

आता मूळ प्रश्न. या कामाचा मोबदला कशावर बांधायचा? दोन उत्तरे तोंडावर तयार असतात. पहिले बाजाराचे: फळ जेवढे, तेवढी मजुरी. दुसरे जरा पुण्याईचे: वीज वाचवणे हे संयमाचे, अपरिग्रहाचे काम आहे, त्यात पैशाची भाषा कशाला? दुसऱ्या उत्तराचा निकाल आधी लावतो, कारण त्याला फार वेळ लागत नाही. संयमात माणूस स्वतःचे काहीतरी सोडतो. कार्यक्षमतेत कुणी काही सोडत नाही, आणि तेच तिचे वैशिष्ट्य आहे. ७५ वॅटच्या जागी तीस-पस्तीस वॅटचा पंखा आला तरी वारा तेवढाच लागतो. त्याग कुणाचाच नाही म्हणून तर ही बचत लोकांना पटते. त्याग नसलेल्या व्यवहारात एकट्या मजुरानेच त्यागाची भाषा का बोलावी? त्याच्या मजुरीत काटछाट करून जे युनिट स्वस्तात वाचले, ते वाचलेलेच नाही. त्याचा भार विजेच्या तारेवरून माणसाच्या अंगावर सरकला इतकेच.

पहिल्या उत्तराशी मात्र नीट भिडावे लागेल, आणि त्यासाठी मला पूर्वमीमांसेचाच आधार घ्यावासा वाटतो. यज्ञाचे फळही अदृष्ट असते. स्वर्ग मिळाला की नाही हे कुणी वेदीवर मोजून दाखवत नाही. कर्म आणि फळ यांच्यामधला दुवा म्हणून मीमांसकांना ‘अपूर्व’ मानावे लागले, ते याचसाठी. मग प्रश्न आला: यज्ञ सोळा ऋत्विज मिळून करतात, फळ कुणाचे? जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात उत्तर आहे: फळ यजमानाचे, कारण कर्माचा कर्ता म्हणून शास्त्र त्याच्याशी बोलते. ऋत्विज त्याने आणलेले असतात, आणि आणलेले म्हणजे दक्षिणा देऊन. ही दक्षिणा दान नव्हे. मीमांसेचा शब्द आहे परिक्रय, म्हणजे मोल देऊन कामाला लावणे, आणि या परिक्रयाचे प्रयोजन दृष्ट मानले आहे, अदृष्ट नाही. म्हणजे स्वर्ग यजमानाच्या वाट्याला, तो मिळो न मिळो. दक्षिणा मात्र डोळ्यांदेखत, आणि तीही यज्ञाचे अंग म्हणून. ती न देता केलेला यज्ञ अपुरा. सोमयागात दक्षिणा माध्यंदिन सवनात, भर दुपारी वाटली जाते. यज्ञ अजून संपलेलाही नसतो. फळाची वाट पाहत ऋत्विजाला कुणी बसवून ठेवत नाही.

तीच रचना न जळलेल्या युनिटाला लावून पाहा. फळ अदृष्ट आहे, गृहीत प्रतियोगीवर टेकलेले आहे, आणि ते बिल भरणाऱ्याचे किंवा भांडवल घालणाऱ्याचे आहे. ते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे. पण जोखीमही त्यांचीच. पाऊस लांबला, कारखान्याने तिसरी पाळी सुरू केली, दर बदलले, लेखापरीक्षकाने बेसलाइन खाली आणली, यांतल्या कशानेही फळ घटते. ज्याने पाइपाला नीट लॅगिंग केले त्याच्या कामात त्यामुळे तसूभरही फरक पडत नाही. बचत हा अभाव आहे, श्रम हा भाव आहे. भावाचे मोल अभावाच्या मोजमापावर टांगणे हा, नैयायिकांच्या भाषेत, पदार्थांचा घोटाळा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात या विचाराचा एक तुकडा, कदाचित नकळत, उतरला होता: कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची. म्हणजे यजमान बदलत नाही, मधल्या माणसाने ऋत्विज आणले असले तरी.

वाटा किती, याचेही शास्त्राने मोघम सोडलेले नाही. सोळा ऋत्विजांचे चार वर्ग. पहिल्या चौघांच्या निम्मे मिळवणारे ते अर्धी, तिसरा हिस्सा मिळवणारे तृतीयी, पाव मिळवणारे पादी. मनुस्मृतीचे टीकाकार शंभर गाईंचा हिशेब करून दाखवतात: होता, अध्वर्यू, ब्रह्मा, उद्गाता यांना प्रत्येकी १२, मग ६, मग ४, आणि शेवटच्या चौघांना ३. आठव्या अध्यायातला पुढचा श्लोक मला अधिक महत्त्वाचा वाटतो: एकत्र मिळून काम करणाऱ्या इतर माणसांतही वाटणी याच रीतीने करावी, असे मनू सांगतो. कौटिल्यही मजुरांचे नियम, भागीत काम करणारे आणि यज्ञातले याजक यांचा विचार एकाच प्रकरणात करतो, आणि काम अर्धवट सुटले तर ते ज्या टप्प्यापर्यंत झाले त्याप्रमाणे वाटा ठरवतो. एकाच कामातल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या माणसात चारास एक, त्याहून अंतर नाही. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याचा आणि शिडीवर चढणाऱ्याचा दिवसभराचा मेहनताना शेजारी शेजारी मांडून हे गुणोत्तर तपासावे. मनूपेक्षा आपण समतेत मागे पडलो असे निघाले तर जरा ओशाळे व्हायला हवे.

इथे कुणी म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की ही दक्षिणा ब्राह्मणांची होती. ज्या समाजाने ऋत्विजाला भर दुपारी गाई मोजून दिल्या त्यानेच इतरांकडून विष्टी घेतली, म्हणजे वेठ, बिनमोल राबणूक. खरे आहे, आणि या आक्षेपाला बगल देता येत नाही. गंमत नव्हे, पण योगायोग असा की शेतीपंपांची वीज वाचवण्याच्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात आखला गेला. आणि मंगळवेढे म्हणजे जिथे गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून संत चोखोबा गेले, असे परंपरा सांगते, ते गाव. साल १३३८. त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली. भिंतीच्या कामाच्या मजुरीचा उल्लेख कुठल्या आख्यायिकेत नाही. तेव्हा मी परिक्रयाचा आधार घेतो तो मीमांसक समदर्शी होते म्हणून नव्हे. त्यांनी स्वतःच्या माणसांसाठी जे न्याय्य म्हणून युक्तिवादाने सिद्ध केले, त्या युक्तिवादात जात कुठेच लागत नाही. ‘फळ करवून घेणाऱ्याचे, मोल करणाऱ्याचे’ हे म्हणायला वर्णाची गरज पडत नाही. वर्ण नंतर कुंपण म्हणून घातला. ते कुंपण काढण्याचे काम ज्यांनी केले त्यांचा या विषयाशी संबंध जवळचा आहे. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या वेठीविरुद्ध विधेयक आणले. १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते तेव्हा वीज हा विषयही त्याच खात्याकडे होता. किमान वेतनाचे विधेयक १९४६ मध्ये त्यांनीच मांडले, ते १९४८ मध्ये कायदा झाले. वीज आणि मजुरी एका टेबलावर असण्याचा तो काळ होता. नंतर ती दोन खाती झाली, आणि दोन फायली एकमेकींना भेटेनाशा झाल्या.

दुसरा आक्षेप गीतेचा. कर्मावर अधिकार, फळावर नाही. मग मजुराने मोबदल्याचा आग्रह धरावा का? हा युक्तिवाद करणारे बहुधा पगार घेणारे असतात हे बाजूला ठेवू. अडचण अशी की उपदेश कर्त्याला आहे, आणि कर्ता एकटा मजूर नव्हे; कंत्राटदार, कंपनी, पालिका सगळेच कर्ते आहेत. फळावर कुणाचाच अधिकार नसेल तर ९५ टक्क्यांवरही नाही. शिवाय मजुरी हे फळ आहे, हे कुठे ठरले? मीमांसेच्या हिशेबाने ती अंग आहे, कर्माचाच भाग. तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन करताना गीता उलट, घेतलेले परत न देता एकट्याने भोगणाऱ्याला चोर म्हणते. निष्काम कर्माचा उपदेश दुसऱ्याच्या हजेरीपटासाठी नाही.

मजुरी वाढली तर बचत महाग होईल आणि तोटा गरीब ग्राहकाचा होईल, हा तिसरा आक्षेप जास्त भारी आहे. एलईडी दिवे याच तर्काने घराघरांत पोचले असे सांगितले जाते. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला आणि ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे गेले. पण ती घसरण मुख्यतः प्रचंड घाऊक मागणीची आणि चिप स्वस्त झाल्याची होती. आठपट उतरलेल्या किमतीचे श्रेय जुळणी करणाऱ्याच्या रोजंदारीतून काढायचे तर ती रोजंदारी मुळातच तेवढी मोठी असायला हवी होती. आणि सेवेच्या बाजूला अकोला आहे. सहा वर्षांच्या करारात ज्याचा खर्च पहिल्या वर्षात निघतो त्या व्यवहारात ‘मजुरीला जागा नाही’ हे वाक्य टिकत नाही. जागा भरपूर असते, ती कुणासाठी राखून ठेवायची एवढाच वाद. जिथे खरोखर जागा नसेल, किमान वेतन दिले की बचतच उरत नसेल, तिथे ते काम मुळात बचतीचे नव्हते असे मी म्हणेन. तिथे वीज आणि मजूर यांच्यात स्वस्त कोण एवढेच पाहिले गेले.

राहता राहिली ती मंडळी जी मजुराच्या बाजूने बोलतात आणि म्हणतात: मग त्याला फळातच भागीदार करा, वाचलेल्या युनिटामागे काही पैसे त्याचे. ऐकायला गोड आहे. मंगळवेढ्याच्या तालुक्यात, किंवा राज्यातल्या कुठल्याही शेतीपंपावर, हे करून पाहावे. मीटर नसलेल्या पंपावर अश्वशक्तीच्या अंदाजाने बिल निघते. मुळात जळते किती हेच ठाऊक नाही, तर न जळलेल्याचा हिशेब कसा मांडणार? पाणी खोल गेले की नवा चांगला पंपही जास्त वीज खातो. अशा फळात भागीदारी म्हणजे मजुराच्या गळ्यात बेसलाइनची अनिश्चितता. कापूस पिकवणाऱ्याने भावाचा जुगार खेळायचा तसा याने हवामानाचा खेळायचा. ठरलेल्या मजुरीच्या वर बक्षीस म्हणून वाटा द्यायला हरकत नाही. सोमयागातही कुणी खुश होऊन जास्तीची गाय दिली तर शास्त्राने हात धरला नसता. मजुरीच्या जागी मात्र तो नको. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाबद्दल जे लिहिले, की इंजिने कार्यक्षम झाली की कोळसा कमी नव्हे, जास्तच जळतो, ते खरे मानले तर काही ठिकाणी बचत फळणारच नाही. वाचलेल्या पैशातून त्याच घरात एसी येईल. स्वर्ग मिळाला नाही. दक्षिणा तरीही माध्यंदिन सवनातच देणे होती.

२०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्यात कार्बन-बाजार आला, २०२३ मध्ये त्याची योजना अधिसूचित झाली, आणि ‘पॅट’मधले उद्योग टप्प्याटप्प्याने तिकडे वळत आहेत. आता न जळलेल्या युनिटाऐवजी न सोडलेला धूर विकला जाईल; अभावावरचा अभाव म्हणा. त्याच्या पडताळणीचे नमुने बारकाईने आखले जात आहेत: बेसलाइन किती, उत्पादन किती, इंधन कोणते, मोजले कुणी. त्याच नमुन्यात एक रकाना वाढवणे अवघड नाही. काम ज्यांनी केले त्यांची संख्या, कुशल-अर्धकुशल-अकुशल अशी वर्गवारी, दिलेली मजुरी, दिल्याची तारीख; आणि ती तारीख प्रमाणपत्राच्या तारखेच्या आधीची नसेल तर प्रमाणपत्र थांबवायचे.